खालचं फाटक

४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

फोनवर बोललं की एका खोलीत ह्यांना सगळं ऐकू जातं, म्हणून लिहिते. बागेचं आमच्या बाजूचं खालचं फाटक सोमवारपासून कुलूपबंद आहे. पाटी लावली आहे : वापर नगण्य, सबब कायमचे बंद. नगण्य म्हणजे आम्हीच गं! गिरणीतले, धुलाईखान्यातल्या बायका, सगळे पहाटे साडेपाचला तिथे चालतात आणि सातच्या आत कामाला पळतात.

डॉक्टरांनी ह्यांना बजावलंय, रोज वीस मिनिटं झाडांखाली चालायचं, सपाटीवर; चढ अजिबात नाही. चाळीस वर्षं पिठाच्या गिरणीत काढली, ते पीठ आता छातीत बसलंय. वरचं फाटक तुमच्या कॉलनीकडे, चौऱ्याऐंशी पायऱ्या. परवा हट्टानं निघाले आणि तिसाव्या पायरीवर बसले. ओठ निळे पडले होते. आता खालच्या फाटकाशी स्टूल टाकून गजांना नाक लावून बसतात. मला म्हणतात, भेटीची वेळ संपली का, विचार जरा.

तू बागेच्या समितीत आहेस ना? कुणाच्या तरी कानावर घाल. वरच्या हवेत राहून आम्हाला विसरू नकोस.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

सौ. ताईस,
सा. न.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. ताई, ती मोजणी मी केली.

पहारेकरी कमी झाले, म्हणून एक फाटक बंद करायचं ठरलं. कोणतं, ते माणसं मोजून ठरवायचं होतं. मी हौसेनं हात वर केला. खालच्या फाटकाशी तीन दिवस खुर्ची टाकून बसले. माणूस आत गेला की हातातलं यंत्र दाबायचं. तीन दिवसांत अकरा माणसं. एकही आकडा खोटा नाही. शाळेत शिवणाच्या तासाला मदर म्हणायच्या ना, टाके मोजावेत तर चिमणीनं! त्याच तोऱ्यात सही ठोकली.

दहा ते पाच ही वेळ मीच सुचवली. तीस वर्षं मास्तरीण होते, तीच वेळ अंगात भिनलेली. तुझं घर तिथून दोन मिनिटांवर. खुर्ची सोडायची नाही म्हणून डोकावलेही नाही. डोकावले असते तर तू सांगितलं असतंस.

फेरमोजणीचा अर्ज दिला आहे. भाऊजींना कोणत्या तोंडानं भेटू?

रागावलीस तरी माझीच राहा.

चिमणी


१४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. आ.

दोन दिवस तुझ्यावर धुमसत होते. तुझं नाव काढलं नाही. मग पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे हसले, हसण्यानं खोकला आला आणि खोकल्यानं तासभर बसवून ठेवलं. श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, मेहुणीबाईंना सांग, मोजणी चोख आहे, फक्त जरा लवकर उठायला हवं होतं.

आता स्टुलापर्यंत जाताना दोनदा थांबतात. शेजारची धुलाईवाली गजांतून हात घालून पानं तोडून आणते. हे ती पानं चुरगळून हुंगत पडून राहतात.

अर्जाचं लवकर बघ गं. बाकी काही मागत नाही.

ताई


२ मार्च

सौ. ताईस,
सा. न.

रोज समितीच्या कचेरीत जाऊन बसले, तेव्हा कुठे जमलं. आठ तारखेला, गुरुवारी पहाटे साडेपाच ते आठ फेरमोजणी आहे. तेवढ्या वेळेपुरतं फाटक उघडतील. मी यंत्राला हात लावणार नाही, असं मीच सांगितलं. माझी एक जुनी विद्यार्थिनी बसेल. दिसेल तेच दाबायचं, असं तिला बजावलंय.

भाऊजींना आणच. खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून आणलंत तरी चालेल. आत गेलेला माणूस मोजतात, पायांनी गेला का ते विचारत नाहीत.

माझ्यावरची माया संपवू नकोस.

चिमणी


९ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

मंगळवारी ह्यांना नेलं तेव्हा तू दाराशी उभी होतीस. माणसांत बोलणं झालं नाही.

कालचा आकडा तुला कळलाच असेल. दोनशे सहा. आमची सगळी चाळ आली होती. रात्रपाळीचे लोक झोपायला न जाता तसेच आले. मला म्हणाले, तुम्ही नका येऊ, आज कुठे तिसरा दिवस आहे. म्हटलं, एक माणूस कशाला कमी पडू द्यायचं? आधीच एक कमी आहे.

तुझ्या विद्यार्थिनीनं माझ्यासाठी एकदा यंत्र दाबलं. मी तिथेच उभी राहिले. हातात ह्यांची काठी होती. म्हटलं, बाळ, आम्ही दोघं आहोत. तिनं माझ्या मागे पाहिलं, थोडी थांबली, मग मान खाली घातली. दाबलं नाही. बरोबर केलं तिनं. तू चांगलं शिकवलंस.

आत वीस मिनिटं चालले, सपाटीवरून. आठला कुलूप लागलं. निर्णय पुढच्या महिन्यात होईल म्हणतात.

माया संपलेली नाही, नुसती दमली आहे. भेटायला ये. पण पहाटे ये.

तुझी,
ताई