पाणी पिऊनच ये

पांढुर्णा, १६ एप्रिल १९८७

चि. सौ. मनकर्णास,
भाऊचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

प्रतिभाच्या लग्नाची पत्रिका पोचली. मामाचं नाव ठळक छापलं, पण मामाचं येणं होत नाही. रागावू नको. मूत्राशयातली कॅन्सरची गाठ काढल्यापासून दर आठवड्याले नागपूरले लघवीच्या पिशवीत नळीनं औषध सोडतात. दोन तास धरून ठेवा म्हणते डॉक्टर. तीस वर्षं पोस्टमन होतो, दुसऱ्याचं टपाल सांभाळलं. स्वतःचं वाटीभर औषध सांभाळता येऊन नाही राहिलं!

परवा सावनेरच्या पुढं बस थांबवाले लावली. झाडामागून पाहतो तं सारी बस खिडकीत. एक बाई ओरडून राहिली होती, बाबाचं अजून व्हायचं आहे, गाडी सोडू नका.

मंग अक्कल लावली. चार दिवसांपासून दिवसाले दोनच गिलास पाणी. तरी आग होते अन् पळणं वाढलंच. हे ध्यान मंडपात कुठं आणू?

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा भाऊ गुणवंता

सौंसर, २२ एप्रिल १९८७

ती. भाऊस,
मनकर्णाचा सविनय जयभीम.

पत्र वाचून आधी हसली, मंग रडली. पाणी तोडायची अक्कल कोणी देल्ली तुले? इथल्या दवाखान्यातल्या अलका नर्सबाईले विचारलं. त्या म्हणे, पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, तिनंच आग होते अन् घाईही वाढते. तुझ्या डॉक्टरले विचारून दिवसभर थोडं थोडं पीत राहा, चहा कमी कर, बसच्या आधी घोट-घोटच घे. ताप आला तं सरळ नागपूर गाठ.

लग्नाले येच. आमचे हे तुझी खुर्ची संडासाजवळच मांडून राहिले. तू वंदनेतून उठला तं उठला. पाणी पिऊनच ये.

वाट पाहणारी,
मनकर्णा

नागपूर, २६ मे १९८७

चि. सौ. मनकर्णास,
जयभीम व आशीर्वाद.

तुझ्या मालकाले, जवाईबापूले, संत्र्याची कलमं पाहाले नेतो म्हटलं, ते खोटं होतं. आम्ही दवाखान्यात आहो.

लग्नात मी तीनदा उठलो. तिसऱ्यांदा भंतेजी गाथा म्हणून राहिले होते अन् मी धोतर सावरत पळालो. हसणाऱ्यांत पहिला मीच. जवाईबापू लोटा घेऊन दाराशी उभे होते, तेवढे हसले नाहीत. बाहेरूनच हळू म्हणे, भाऊ, मलेही तीन महिन्यांपासून लघवी लाल होते. लाजेनं कोणाले सांगितलं नाही, अन् तुम्ही तं साऱ्या मंडपाले सांगत फिरता.

इथं दुर्बिणीनं पाहिलं. माझ्यासारखीच गाठ, पण लहान. काल खरवडून काढली. विड्या कोण ओढते म्हणून डॉक्टरनं विचारलं, तं आम्ही दोघंही छताकडं पाहाले लागलो. वेळेवर आले म्हणते. तपासणी मात्र दर तीन महिन्यांनी. माझीही शेवटची नळी झाली, आग उतरली.

मनकर्णाले काय सांगू, असं ते सकाळपासून विचारून राहिले. मी म्हटलं, मी लिहितो. पत्र भेटताच ये. रागवायचं तं माझ्यावर रागव. त्यांच्याजवळ नुसती बस.

दोघांवरही जीव असू दे.
तुझा भाऊ गुणवंता