लॅपटॉपमधला डेड स्टॉक

८ ऑक्टोबर, बुधवार
रविवारी पाच वाजता सुनेत्राचा पहिला ऑनलाइन गाण्याचा क्लास. अमेरिकेतल्या तीन मुली. बायको दोन महिने त्याच तयारीत आहे, पोह्यांत मीठ विसरते. लॅपटॉप मात्र गोगलगाय. आमच्या आकांक्षानं त्यात लिनक्स ही हलकी सिस्टिम घालून दिलीय आणि पुण्याला परत जाताना बजावलंय, बाबा, त्या कमांडच्या काळ्या खिडकीत हात घालू नका. वाघोडियाच्या कारखान्यात अख्खं स्टोअर सांभाळलेल्या बापाला! बरं.

९ ऑक्टोबर, सकाळ
काळी खिडकी उघडली. कमांड देऊन पॅकेजांची, म्हणजे आत भरलेल्या सॉफ्टवेअरची, यादी काढली. बाप रे! एवढा माल आमच्या स्टोअरलाही नव्हता. निम्म्यांच्या नावात लिब. यूट्यूबवाला म्हणतो, लिब म्हणजे लायब्ररी, दुसऱ्या सॉफ्टवेअरना लागणारे सुटे भाग. सुटे भाग! म्हणजे माझाच विषय.
नियम ठरला. ज्या मालाला वर्षभर कोणी विचारलं नाही तो डेड स्टॉक, आणि डेड स्टॉक भंगारात. घरभर दिवाळीची सफाई चाललीय, लॅपटॉपनंच काय घोडं मारलंय?
सुनेत्राला विचारलं, यादीतलं हे लिबपल्स कधी लागलंय का तुला? म्हणाली, ते काय असतं? झालं तर मग.

१० ऑक्टोबर, दुपार
रिमूव्हची कमांड दिली. त्यानं पानभर लिहून दाखवलं: याच्याबरोबर हेही जाईल, तेही जाईल, चालेल का? वाचत बसलो नाही. क्लार्क बोट ठेवील तिथे सही, याच विश्वासावर आमचं खातं चाललं. वाय दाबलं. भराभर ओळी पळाल्या. केवढी जागा मोकळी झाली!

संध्याकाळ
बंद करून सुरू केला. चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, काळ्यावर पांढरी अक्षरं फक्त. पण सुरू कसा झटक्यात झाला! सुनेत्रानं विचारलं, यातलं माझं तानपुऱ्याचं ॲप कुठाय? म्हटलं, येईल.

११ ऑक्टोबर, शनिवार
इन्स्टॉलची कमांड दिली. नेट नाही म्हणतो. नेट जोडणारं पॅकेजही भंगारात गेलंय. म्हणजे नेट आणायला नेट हवं. लिनक्सवाल्यांची ढिसाळ रचना, दुसरं काय! आकांक्षाला फोन केला. म्हणाली, आईला द्या.
लॅपटॉप छाणीच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार गुजरातीत म्हणाला, काका, आ शुं कर्युं? म्हणजे, हे काय केलंत? मंगळवारचा वायदा केला.
सुनेत्रानं वाघोडियाच्या बॉयलरचा जुना विषय काढला. मी भंगारात काढलेल्या त्या वॉल्व्हला तोवर खरोखरच कोणी विचारत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. चहा करून दिला, घेतला नाही. फार वाईट वाटलं मला.

१२ ऑक्टोबर, रविवार
क्लास झाला, सुनेत्राच्या फोनवर. तानपुऱ्याच्या ॲपसाठी शेजारच्या वसुंधरावहिनींचा फोन आणला. पोह्याच्या डब्याला टेकवलेला फोन सारखा घसरायचा, म्हणून शेवटी तो मीच धरून बसलो. हलायचं नाही, बोलायचं नाही अशी ऑर्डर. गायली मात्र सुरेख. सफाईच्या धुळीनं मी एकदाच शिंकलो, तर पलीकडून एका मुलीनं विचारलं, मावशी, तुमचा स्टँड शिंकतो का?
सुनेत्रा म्हणाली, जुना आहे गं. कालच भंगारात काढणार होते, पण अजून लागतो.
हात दुखतोय. बुधवारी पुन्हा क्लास आहे.