पडद्यावर 'काही नाही'

सोमवार, ५ जानेवारी
फोनला बोललं की तो लिहितो म्हणे. मला वाचता येत नाही, तेव्हा काय लिहितो ते त्यालाच ठाऊक. गुडघ्यासाठी वसईच्या क्लिनिकात गेले. नर्स पडद्यावर बघून म्हणते, "आजी, तुम्हाला कुठल्याच औषधाची ॲलर्जी नाही." वा! पेनिसिलिनच्या एका सुईने शेवटच्या प्रार्थनेला घरी फादरना बोलवायची वेळ आली होती – ते स्वप्न असेल माझं. आणि पडद्यावरचा हा प्रोग्रॅम माझ्या नातीच्याच, जेसिकाच्या कंपनीचा.

मंगळवार
जेसिकाला म्हटलं, तुमचं यंत्र माझ्या जिवावर उठलंय. हसली. मग लॅपटॉप उघडला नि हसू पळालं. लॅबने पाठवलेल्या फाइलीत माझी ॲलर्जी आहे, प्रोग्रॅमला दिसत नाही! एक्सएमएल म्हणून लिहायची तऱ्हा – तिच्यात शब्दाआधी खूण लावतात, तो शब्द कुणाच्या घरचा त्याची. त्या लॅबची खूण वेगळी. प्रोग्रॅम दुसऱ्याच खुणेने हाक मारतो. कुणी ओ दिली नाही की 'काही नाही' लिहून मोकळा.

"खुणेमागे पूर्ण पत्ता असतो, आजी. विचारायचा तो."

एवढंच? पापडी गावात आम्हाला वरच्या आळीत विहिरीवाले म्हणतात, खालच्या आळीत चिंचवाले. घर एकच. ते कळायला हिला कॉलेज लागलं, आणि कॉलेजातही कळलं नाही.

बुधवार
जेसिकाने प्रोग्रॅम सुधारला. पण पेशंटांच्या कार्डांवर 'ॲलर्जी नाही' छापून गेलंय. ते कोण पुसणार? तिचे साहेब, संग्राम, म्हणाले, "क्लिनिकला कशाला सांगायचं? नाव खराब होईल. पुढच्या महिन्यात तुला नोकरीत कायम करायचंय ना?"

मी म्हटलं, गप्प बस बाई. साहेबांच्या नावापुढे पेशंट काय, येतात नि जातात.

रागावली. जेवली नाही.

गुरुवार
क्लिनिकला फोन करून सगळं सांगितलं तिने. मला विचारलंसुद्धा नाही. कुणावर गेलीय कोण जाणे.

शुक्रवार
नोकरी गेली. शेजारची मटिल्डा चौकशीला हजर – "पोरगी घरी कशी गं?" म्हटलं, खरं बोलल्याची सुट्टी मिळालीय. तुझ्या शेल्डनला कधी मिळायची नाही.

शनिवार
क्लिनिकातून फोन आला. कार्डं परत तपासली त्यांनी. एका बाळंतिणीला आज सकाळी पेनिसिलिनची तीच सुई द्यायची होती.