बाळकृष्णाचा अंगरखा

पप्पा, गेल्या महिन्यात चर्चच्या उपासनेत आपल्या विश्वासाची साक्ष देताना मी तुमच्याबद्दल एक चुकीची गोष्ट सांगितली. मी म्हणाले, आयसेलिन गावातल्या, तुम्ही शिवणकाम करायचात त्या साड्यांच्या दुकानात एका काकूंनी तुम्हाला बाळकृष्णाचा अंगरखा शिवायला सांगितला आणि तुम्ही ख्रिस्ती विश्वासाखातर नाही म्हणालात. तुम्ही नाही म्हणाला नव्हतात. तुम्ही तो शिवलात, आणि उरलेल्या जरीचा इवलासा फेटाही करून दिलात.

मी दहा वर्षांची होते. शाळेत जायच्या आधीपासून माझं खरं शिक्षण त्या दुकानाच्या मागच्या खोलीत, तुमच्या मशीनशेजारी झालं. साडीला फॉल लावता लावता तुम्ही मला पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांबद्दल सांगायचात. त्या अंगरख्याच्या दिवशी तेच मी तुमच्यावर उलटवलं. "मूर्ती घडवणाऱ्याला बाप्तिस्म्याआधी धंदा सोडावा लागायचा. तुम्हीच शिकवलंत." तुम्ही तोंडातली टाचणी काढता. "शिकवलं खरं. पण बायबलमधला आपला प्रेषित पोटापाण्यासाठी तंबू शिवायचा ना? आत बसून कोण कुणाची पूजा करणार, हे त्यानं गिऱ्हाइकाला विचारलं असेल?" मी म्हणते, ते वेगळं. "असेल. त्या पहिल्या ख्रिस्ती लोकांतही यावर वाद होतेच. कुणी म्हणायचं, काम सोड. कुणी म्हणायचं, जिथं असताना देवानं पाचारण केलं तिथंच राहा, हातातलं काम नीट कर. मी काकूंसाठी शिवतोय. त्यांचे हात कापतात आता. चल, सुईत दोरा ओवून दे." मी दिला नाही. दुकान बंद करताना तुम्ही म्हणालात, "आमचे बिशप रुसले वाटतं."

तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. सेमिनरीसाठी, म्हणजे पाळक होण्याच्या शिक्षणासाठी, माझं शिफारसपत्र आपल्या चर्चचे पाळकसाहेब लिहितायत, आणि त्यात तीच गोष्ट घातली आहे: अशा बापाची ही मुलगी. मला सेमिनरीत जायचंय, पप्पा, फार जायचंय. खरं सांगितलं तर ते कदाचित पत्रच देणार नाहीत. पण माणूस कशासाठी जन्माला येतो हे लोकांना शिकवायला निघायचं, आणि सुरुवातच तुमच्याबद्दल खोटं सांगून करायची? शिवाय माझ्या साक्षीतले पप्पा फार कडक आहेत. ते माझ्या ओळखीचे नाहीत.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून यात लिहून टाकते: पाळकसाहेबांची वेळ घेऊन मी ती दोनदा कॅन्सल केली आहे. एकदा सर्दीचं कारण सांगितलं, तेही खोटंच. शिफारसपत्र शुक्रवारी पोस्टात पडेल. मी त्यांच्याकडे खरं सांगायला आदल्या दिवशी जाणार आहे, गुरुवारी, पंधरा मार्चला, संध्याकाळी सहा वाजता.