छोटं चालेल, खोटं नाही

शनिवार, ७ सप्टेंबर

गोल मांडलेल्या खुर्च्या बघितल्या आणि दारातूनच परत फिरावंसं वाटलं. टेबल नाही! पेन कुठे ठेवायचं, हात कुठे ठेवायचे, आणि मुख्य म्हणजे तोंड कुठे लपवायचं? मधोमध तिपाईवर कागदी रुमालांचा डबा. म्हणजे रडण्याची तयारी संस्थेने आधीच करून ठेवलेली. सोय चोख.

'एकात्मिक समुपदेशन आणि मानसोपचार – पायाभूत प्रशिक्षण.' एकात्मिक म्हणजे काय ते आज कळलं. एक पंथ म्हणतो, सगळं लहानपणात आहे. दुसरा म्हणतो, विचार बदला. तिसरा म्हणतो, काही करू नका, नुसते समोर बसा. तिन्ही एकत्र कालवले की झालं एकात्मिक. गुण आलाच तर कशामुळे आला हे कळायची सोय नाही. आमच्या प्रयोगशाळेत असं कोणी केलं तर त्याला कोणी चहासुद्धा विचारणार नाही.

मी तिथे का गेले ते लिहून ठेवते, कारण पुढे मलाच पटणार नाही. माझं काम कॅलिब्रेशनचं. कारखान्यांतले वजनकाटे, दाबमापकं, तापमापकं खरं दाखवतात की नाही ते तपासायचं. विभागप्रमुखाची जागा रिकामी होते आहे. काम माझ्याइतकं कोणाला येत नाही, हे साहेबांनाही मान्य. "पण तुझ्या हाताखाली माणसं टिकत नाहीत गं. ऐकून घ्यायला शीक जरा. प्रमाणपत्र घेऊन ये, दुसऱ्या दिवशी ऑर्डर काढतो." ठीक आहे. आठ शनिवारांचा प्रश्न. काढू.

शिकवणाऱ्या बाईंनी पहिला प्रश्न टाकला – "आज तुमच्या मनाचं हवामान कसं आहे?" एकीचं धुकं निघालं. एकाचं मळभ. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, "तेवीस अंश." कोणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "हं."

हा 'हं' त्यांचं मुख्य हत्यार दिसतं. यापुढे त्या माझ्यापुरत्या हं-बाई.

रविवार, ८ सप्टेंबर

ताईला फोन. दर रविवारी सकाळी मी करते, न चुकता. ताई माझ्याहून मोठी, दुसऱ्या शहरात असते, भावोजींबरोबर. वॉशिंग मशीन पाणी सोडत नाही म्हणाली. खालची झाकणी उघडायला लावली, फिल्टर बाहेर काढवला. आत एक बटण! पाणी गेलं. "बाकी सगळं ठीक ना?" – "ठीक." फोन ठेवला.

याला म्हणतात संवाद. ना धुकं, ना मळभ.

शनिवार, १४ सप्टेंबर

आज त्रिकुटं पाडली. एकाने बोलायचं, एकाने ऐकायचं, तिसऱ्याने नुसतं बघायचं. मग अदलाबदल. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही. 'का' विचारायचं नाही. मग करायचं काय? "सोबत राहायचं," हं-बाई म्हणाल्या. बरं.

बोलणाऱ्यालाही नियम आहे. "स्वतःचं काहीतरी आणा. छोटं चालेल, खोटं चालणार नाही. समोरचा तुमच्यावर हात बसवत असतो, त्याला फसवू नका. बनवून आणलेलं निघालं तर प्रमाणपत्र मिळणार नाही, आधीच सांगते."

माझ्या त्रिकुटात एक दातांचे डॉक्टर आणि एक पाळणाघरवाली. डॉक्टर साठीच्या आसपासचे. जन्मभर माणसांच्या तोंडात हात घालून त्यांना प्रश्न विचारले, आता उत्तरं ऐकायला शिकायचंय म्हणे. पाळणाघरवाली सगळ्यांकडे असं बघते की आता नाक पुसेल की काय.

आता मुद्दा. वजनकाटा तपासायचा असेल तर त्यावर प्रमाण वजन ठेवतात. ज्याचं वजन आधीच पक्कं माहीत आहे असं. कोणी स्वतः चढून बसत नाही! मग इथेच मी माझं खरं काय म्हणून ठेवायचं? अनोळखी दंतवैद्यापुढे? मी प्रमाण वजन ठेवलं. म्हणजे एक गोष्ट रचली.

गोष्ट अशी: ताईने माझ्याशी बोलणं टाकलंय. तिने नवं घर बघायला सगळ्यांना बोलावलं, आणि मी पर्समधून पाणसळ काढून सगळ्यांदेखत दाखवून दिलं की तिच्या बैठकीच्या खोलीची फरशी कललेली आहे. तेव्हापासून अबोला.

यातलं काही घडलेलं नाही. ताईचं घर जुनंच आहे आणि फरशी सरळ. पण ऐकणाऱ्याला पटायला हवं, आणि हे मी केलंही असतं. दोघांना क्षणात पटलं. इतक्या लवकर पटायला नको होतं.

सोमवार, १६ सप्टेंबर

साहेब: "काय, काही बदल जाणवतोय का?"
मी: "खुर्च्या कडक आहेत."

शनिवार, २१ सप्टेंबर

डॉक्टरांची ऐकण्याची पाळी. माझा अबोला ऐकून पहिलंच वाक्य – "दुखतं का?" दुसरं – "कधीपासून?" पाळणाघरवालीला हसू आवरेना. मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "थंड लागलं की." हं-बाई मागेच उभ्या होत्या. हं.

मग डॉक्टर बोलले. त्यांचा उजवा हात थरथरायला लागलाय. परवा भुलीचं इंजेक्शन देताना पेशंटच्या गालाला सुई लागली. दवाखाना बंद करावा लागणार, त्यांना कळतंय. बायकोला सांगितलेलं नाही. हे सगळं खाली बघत, फरशीला सांगितल्यासारखं.

मी ऐकणारी. मी लगेच कामाला लागले. हात टेकलेला असताना थरथरतो की उचलल्यावर? कॉफी किती? कोणाला दाखवलंत? तीन तपासण्या सुचवल्या, एक आधारपट्टीही डोक्यात तयार झाली. डॉक्टर नम्रपणे "हो, हो" करत राहिले. हं-बाई नंतर म्हणाल्या, "त्यांनी तुझ्यापुढे मन मोकळं केलं आणि तू त्यांचा हात दुरुस्तीला घेतलास."

मग काय करायचं होतं? हात तसाच थरथरू द्यायचा?

रविवार, २२ सप्टेंबर

ताई. आईच्या गोळ्यांच्या वेळा बदलल्यात, त्या तिला समजावून दिल्या. "बाकी ठीक ना?" – "ठीक."

शनिवार, ५ ऑक्टोबर

मागच्या शनिवारी सुट्टी होती. तेवढीच मनाला विश्रांती.

आज गोंधळ झाला. गोष्ट पुढे सरकवायची म्हणून बोलत होते, ओघात तोंडातून गेलं – "रविवारी ताई म्हणाली..." 

बोलणं टाकलेली ताई रविवारी कशी काय म्हणाली! पाळणाघरवालीने मान वर केली. तिच्यापासून बिस्किटसुद्धा लपवणं अवघड असणार. मी म्हटलं, "आई म्हणाली, ताईबद्दल." खोट्याला ठिगळ. हं-बाई काही बोलल्या नाहीत, आणि त्या 'हं'सुद्धा करत नाहीत तेव्हा जास्त भीती वाटते.

डॉक्टरांना मात्र काहीच जाणवलं नाही. ते इतके कान देऊन ऐकतात की चूक त्यांच्या हिशेबातच येत नाही. मी तीन आठवड्यांपूर्वी सहज टाकलेला तपशील त्यांना आठवतो. फरशी कुठल्या बाजूला कलली होती ते मी विसरले. ते विसरले नाहीत. खिडकीकडे.

आज म्हणाले, "एक सांगू? तू ताईचं घर सांगितलंस, फरशी सांगितलीस, तिथे कोण कोण होतं ते सांगितलंस. ताई कशी आहे ते अजून कानावर आलं नाही."

मी म्हटलं, "बोलतच नाही ना ती." हजरजबाबीपणा कायम आहे, हे बरं.

रविवार, ६ ऑक्टोबर

ताईवर प्रयोग. ती म्हणाली, "कंटाळा आलाय गं." एरवी मी व्यायाम सुचवला असता. आज शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "तुला कंटाळा आल्यासारखं वाटतंय."

"अगं, तेच तर म्हटलं मी आत्ता!"

"तू तेच म्हटलंस असं तुला वाटतंय."

"बरी आहेस ना? ताप-बिप आलाय का?"

दोघी हसलो. मग तिने नळाच्या वायसरचं विचारलं आणि गाडी रुळावर आली.

शनिवार, १२ ऑक्टोबर

डॉक्टरांनी बायकोला सांगितलं.

त्या चिडल्या म्हणे – "इतके दिवस माझ्यापासून लपवलंत? चहाचा कप तुम्ही दोन हातांनी धरता, ते मला दिसत नसेल?" मग त्यांनी डॉक्टरांच्या शर्टाची बटणं लावून दिली, म्हणाल्या, "उद्यापासून हे माझं काम." हे सांगताना डॉक्टर हसत होते आणि कागदी रुमालांचा डबा त्यांच्या मांडीवर होता.

इथवर ठीक. पुढे म्हणाले, "माझी हिंमत नव्हती होत. पण ही पोरगी, वयाने एवढीशी, स्वतःच्या बहिणीचं इतकं खरं-खरं बोलते दर आठवड्याला. म्हटलं, आपण साठीला येऊन कसले घाबरतो?"

पाळणाघरवाली माझ्याकडे बघत होती. मी तिपाईकडे. तिपाई डुगडुगते आहे, एक पाय आखूड.

एवढं झालं तरी माझं मन वकिली करत होतं: परिणाम चांगलाच झाला ना? खोट्या औषधाने पेशंट बरा झाला तर तक्रार कोणाची?

तक्रार माझीच. बिघडलेला काटा चुकून बरोबर आकड्यावर पोचला म्हणून मी आजवर एकाही यंत्राला पास केलेलं नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं. ऑर्डर टाईप झालेली आहे. सही बाकी. "शेवटचा शनिवार झाला की प्रमाणपत्र आणून टाक टेबलावर. अभिनंदन आत्ताच करू की तेव्हा?"

"तेव्हा," म्हटलं.

केबिनच्या बाहेर आले तर माझ्या विभागातली मुलगी दाबमापक घेऊन उभी. काहीतरी विचारायचं होतं तिला. मी हात पुढे केला, तर तिने यंत्र दिलं आणि निघून गेली. विचारलं काहीच नाही. नेहमी असंच होतं का? आजवर बघितलं नव्हतं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

सांगून टाकलं. आधी हं-बाईंना, वर्ग भरायच्या आत. एका दमात – गोष्ट रचलेली आहे, फरशी सरळ आहे, ताईशी माझं उत्तम चाललंय, डॉक्टरांना मी स्वतः सांगते.

वाटलं होतं निदान आज तरी मोठा 'हं' येईल. त्या म्हणाल्या, "पाच तारखेपासून वाट बघत होते." आणि मग, "प्रमाणपत्र नाही देता येणार."

"माहीत आहे."

"पुढच्या शनिवारी ये मात्र."

कशाला, ते मी विचारलं नाही. 'का' विचारायचं नसतं.

डॉक्टरांना पायऱ्यांपाशी गाठलं. ते ऐकत उभे राहिले. उजवा हात खिशात. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर सोपं गेलं असतं, चिडलेल्या माणसाला उत्तर देता येतं.

"म्हणजे तुझी ताई बोलते तुझ्याशी?"

"हो. दर रविवारी."

"चांगलं आहे. काय बोलते?"

मी तोंड उघडलं. वॉशिंग मशीन. आईच्या गोळ्या. वायसर. 

"काय बोलते गं?" त्यांनी परत विचारलं. उलटतपासणी नव्हती. खरंच ऐकायचं होतं त्यांना. मला त्यांना सांगण्यासारखं एकही वाक्य सापडलं नाही. वर्गाची वेळ झाली तसे ते कठडा धरून वर गेले. मी थोड्या वेळाने गेले.

साहेबांना सोमवारी सांगावं लागेल. जागा गेली म्हणायची. या विषयावर माझ्या मनाचं हवामान कोणी विचारू नये.

रविवार, २० ऑक्टोबर

ताईला फोन केला. "सगळं ठीक ना?" विचारलं नाही. त्यात उत्तर आधीच भरलेलं असतं. नुसतं म्हटलं, "ताई, बोल." आणि गप्प बसले. मला वाटलं लाइन गेली.

मग म्हणाली, "मी आणि तुझे भावोजी मार्चपासून वेगळे राहतोय. आईला माहीत आहे. तुला सांगू नको असं मीच म्हटलं तिला. तू लगेच दुरुस्तीला घेतलं असतंस गं, आणि मला अजून रडायचं होतं."

तोंडाशी चार प्रश्न आले. चारही गिळले. ती रडत होती.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "आहेस ना?"

"आहे."