श्वासाची मोटर

प्रिय ठमाबाई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून मी पेन उचललं. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा काना-मात्रा तुझ्या तू लावून घे. वीज कंपनीतली नोकरी सोडते म्हणून बसली आहेस, असं तुझा बाप म्हणाला. आजोबा गेल्यापासून इकडे तोंड दाखवलं नाहीस ते का, हे न कळायला मी दुधखुळी नाही.

त्या दुपारचं तुला कुणी धड सांगितलं नसेल. तुझ्या बापाला रडण्यातून सवड नव्हती. भर उन्हात पंखा थांबला, पंप थांबला, नळ कोरडे पडले. वरची मास्तरीण लिफ्टमध्ये अडकून देवाचा धावा करत होती, एरवी देव मानत नाही. माणसाने आपले हातपाय भिंतीतल्या भोकांत खुपसून ठेवलेत. भोक मुकं झालं की तो थोटा. आम्हीच कुठे शहाणे? पायाच्या मशीनवर दोघांनी जन्मभर कपडे शिवले. मग म्हाताऱ्याला हौस आली, त्याने मोटर बसवली, आणि बघता बघता पाय ठेका विसरले. शेवटी त्याच्या श्वासालाही मोटर बसली, ऑक्सिजनच्या मशीनची. त्या दुपारी तीही थांबली.

शेजारच्या ड्रायव्हरने जादा सिलिंडर जोडून दिला. दवाखान्यात नेतो म्हणाला, पण सिग्नल बंद, रस्ता तुंबलेला, गाडी गल्लीबाहेर निघेना. म्हातारा घामाने निथळतोय आणि मला विचारतो, आज पोरीची ड्युटी आहे ना, तिने दोन घास खाल्ले असतील का? मी म्हटलं, गप्प पडा, हवा पुरवून वापरा. तसा हसला. मग सिलिंडर संपला. संध्याकाळी वीज आली, पंख्याचा वारा त्याच्या तोंडावर येत होता आणि त्याला त्याचं काही नव्हतं.

भार झेपेना, एक लाइन तोडायची होती, दवाखान्याची नाहीतर आपली, आणि बटण तुझ्या हाताखाली होतं, हे तुझ्या साहेबाने येऊन सांगितलं. पाण्याचा पेला हातात धरून बसला होता बिचारा, प्यायला नाही. तुझा काही दोष नाही गं बाळा, म्हणून मी तुला कुरवाळणार नाही. वीज असती तर तो त्या दिवशी जगला असता. पुढचं कुणाला ठाऊक? पण दवाखान्यातही कुणाचे तरी म्हातारे होतेच, आणि आदल्या दिवशी जन्मलेली पोरंही. घरचा दिवा राखायला त्यांचा विझवला असतास, तर मी तुला दारात उभी केली नसती. त्यानेही नसती.

आता कशाला लिहिलं ते सांगते. त्याचं ऑक्सिजनचं मशीन अजून कोपऱ्यात चालू आहे. वीज आली तसं आपलं आपण सुरू झालं, नळी रिकामी. भाड्याने देणारा दुकानवाला न्यायला आला, त्याला पिटाळला. तुझा बाप बटणाला हात लावायला गेला, त्यालाही. आता त्या आवाजाशिवाय मला झोप लागत नाही हे खरं, पण कारण ते नाही. बटणाला भ्यालेला हात घेऊन तू जन्म काढू नयेस, म्हणून ठेवलंय. ये, आणि तुझ्या हाताने ते बंद कर. मी शेजारी उभी राहीन. मग जेव, आणि कामावर जा.

तुझीच, वाट बघते असं कधीही न म्हणणारी,
आजी