आजीबाईंचं पाणी

४ मार्च
यांग आज पुन्हा बोट घेऊन निघाला. खिडकीतून दिसला. पोलिसांनी सोडून दिलं त्याला. बुडी मारली की खूण म्हणून वर तरंगणारा माझा नारिंगी भोपळाच फिका होता, दिसलाच नाही म्हणे! चोराच्या उलट्या बोंबा. त्याच्या बोटीच्या पंख्याने माझ्या डाव्या पायाचा पुढचा भाग नेला. त्याचं काय गेलं?

राग यायला हवा होता. आला नाही. पडदा ओढला.

७ मार्च
आई शंखांसाठी बुडी मारायला गेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची! जाताना म्हणाली, "चल ना. आजीबाईंच्या पाण्यात तरी."

काठाजवळचं उथळ पाणी म्हाताऱ्यांसाठी राखलेलं. मी तिथे? काठावरच्या शेकोटीपाशी धूर न येणारी बाजू सगळ्यांत खोल जाणाऱ्या बायकांची, आणि माझी जागा तिकडे!

म्हटलं, यांग दारात येऊन मान खाली घालेपर्यंत पाण्यात पाय ठेवणार नाही.

"कुठला पाय?" — आणि वर हसली. असली थट्टा तीच करू जाणे.

८ मार्च
झोपून होते. जेवले का, आठवत नाही.

१३ मार्च
माल्सुनमावशी आली. आम्हा बुडी मारणाऱ्या बायकांची म्होरकी. संत्री ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "तुझी आई उथळात नसते, माहितेय? खोल जाते. तुझ्या वाटची बुडी ती मारते, शेकोटीपाशी तुझ्या जागी दुसरं कुणी बसू नये म्हणून. काल वर आल्यावर श्वास सोडतानाची तिची शिट्टी इतकी उशिरा आली, मी भोपळा सोडून तिच्याकडे निघाले होते."

मला हे माहीत नव्हतं.

म्हटलं, "माझी काय चूक? जा, यांगला सांगा."

"चूक यांगचीच. शंभरदा यांगची. पण आई यांगची आहे का गं?"

संत्री तशीच पडून आहेत.

१४ मार्च
आईला म्हटलं, खोल जाऊ नकोस.

"तू उथळात ये, मी येते." म्हातारीचा हट्ट. भात वाढला आणि पाठ फिरवून झोपली. घोरत नव्हती, म्हणजे जागी होती.

१६ मार्च
गेले.

शेकोटीपाशी माझी जागा रिकामी होती. मी धुराच्या बाजूला, म्हाताऱ्यांत जाऊन बसले. मग चुन्जा — माझ्याच वयाची, कायमची माझी स्पर्धक — म्हणाली, "या आजीबाई, सरकून बसा!" सगळ्या खोखो हसल्या. मला हसू आलं नाही. रडूही नाही. नुसता धूर.

पायमोज्यात चिंध्या कोंबून उतरले. दोन शंख मिळाले, तेही बारीक. लाज वाटेल म्हणून वाट पाहिली, तीही वाटली नाही. पाणी गार होतं, एवढंच कळलं.

आई शेजारीच होती. खाली गेली की मी थांबायची. ती वर आली, शिट्टी वाजली, की मी खाली. दिवसभर दुसरं काही डोक्यात आलंच नाही.

२० मार्च
काल सकाळी यांग येऊन गेला म्हणे. शेजारीण सांगत होती, बराच वेळ दारात मान खाली घालून उभा होता.

मी पाण्यात होते.